साऱ्या बाजाराच्या हातात बांगड्या

आई, काल तुही तेरवी झाली. मंडपवाला आज सकाळीच बांबू सोडून घेऊन गेला, आचाऱ्याचे मोठे गंज अंगणात पालथे पडून आहेत, अन् मामा-मामी आताच्या बसनं तुमसरकडं गेले. मामी रुसून गेली. काहून रुसली ते पुढं सांगते. घरात आता मी आहे अन् तुही बांगड्यांची पेटी आहे.

जो येते तो म्हणते, रडून घे, मोकळं हो. रडली, बाप्पा. पोटभर रडली. पण रडून झालं का जे खाली उरते, ते रडणं नाही. मी जळून राह्यली, आई. गेलेल्या माणसापायी जळू नये म्हणते लोक. पण मी तुह्यावर नाही जळत. तुहं जे जे दुसऱ्याले भेटलं, त्या दुसऱ्यांवर जळते. नागपूरच्या मॅडमवर जळते, तिच्यापाशी तू काय बोलली ते मले कधीच कळणार नाही. मामावर जळते, कारण जे मले ऐकायचं होतं ते त्यानं ऐकलं. अन् कटंगीच्या बाजारात येणाऱ्या एकूणएक बायांवर जळते, कारण त्यांच्या हाताले तुहा हात लागला.

दुकानात मी हिंदी बोलते, मॅडमपाशी शुद्ध मराठी बोलायची कोशिश करते. तुह्यासोबत मले हेच जमते.

लहानपणची आठवण काढली का मले पहिले तुहे हात दिसते. बाबा तिरोडीच्या खदानीत होते, दुखण्यानं गेले, तवा मी पाटीवर अक्षरं काढून राह्यलती. तू बांगड्यांची पेटी डोक्यावर घेतली अन् बाजाराच्या दिवशी पिंपळाखाली गोणपाटाचा बोरा टाकून बसली. मी तुह्या बाजूले. समोर बाई बसे, हात पुढं करे. तू तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन अंगठ्याखालचं हाड चेपत, बोटं एकात एक घालत बांगडी वर सरकवायची, अन् दरवेळी तेच म्हणायची, "हात ढिला सोड, माय. कडक केला का बांगडी फुटते." म्हातारी असो, शाळेतली पोरगी असो, पाटलाची सून असो, साऱ्यायले माय. तुह्या सोताच्या हातात मात्र काच नव्हती. बाबा गेले तवापासून दोन्ही हात मोकळे.

अन् मी बाबू. "बाबू, ते हिरवं बंडल दे. बाबू, सुटे पैसे पाह्य." मी बंडल देत जाय अन् त्या पोरींच्या मनगटाकडं पाहत जाय. माह्याच वर्गातल्या पोरी. घरी गेल्यावर मी एकटीनं आपलाच अंगठा चेपून पाहे, कुठं दुखते. मले तवा नाव माहीत नव्हतं का हे काय आहे. एवढंच माहीत होतं का त्या बोऱ्यावर मी चुकीच्या बाजूले बसली आहे.

एक गोष्ट मी तवा पाहत होती पण समजली नाही. एखाद्या नवरीचा चुडा भरायचा असला का तू शेजारच्या दुकानवालीले हाक मारे, "ये वो, तुह्या हातानं भर," अन् आपण बाजूले सरून पदर सावरत बसे. मले वाटे तू थकली. पैसे तुहेच, माल तुहा, हात तिचा. मी विचारलं नाही. विचारलं असतं तं आज हे एवढं लिहायची पाळी आली नसती.

मी मोठी झाली, बालाघाटले साडीच्या दुकानात लागली. तू म्हणायची, "पोरगा कामाले लागला, देव पावला." तिथं आमचं कामच असते साडी खांद्यावर टाकून गिऱ्हाईकाले पदर दाखवायचा. सारेच सेल्समन करते, कोणी हसत नाही. मी दिवसभर साड्या नेसून उभी राहे अन् त्याचा पगार घेऊन घरी येई. माह्यावाणी सुखी कोण, असं वाटे दुकानात. शटर खाली आलं का ते सुख आतच राहे.

मग मी तुले सांगतलं, का मी आतून पोरगी आहे. आपण तांदूळ निवडत होतो. तू सूप खाली ठेवलं अन् एकच विचारलं, "कोनी काही केलं काय तुले?" मी म्हणलं नाही. तू पुन्हा सूप उचललं अन् सारे तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडले.

त्यानंतर जे झालं त्याचा मी अजूनही राग धरून आहे, पण तुह्यावर नाही. तू मले एका मोठ्या डॉक्टरपाशी नेलं. त्यानं माह्याकडं पाह्यलंही नाही. मी खुर्चीवर बसून, अन् तो तुह्याशीच बोलून राह्यला, "माताजी, लड़की देखिए, शादी कीजिए, सब ठीक हो जाएगा." अन् गोळ्या लिहून देल्ल्या. त्या गोळ्यांनी मी दिवसभर झोपे. एक दिवस जेवताना माह्या हातून वरणाची वाटी सांडली अन् मले ती सांडलेली कळलीही नाही. तू पाहत होती. उठली, गोळ्यांचं पाकीट घेतलं अन् उकिरड्यावर फेकून आली. "असं लेकरू ठीक करते काय कोनी? हे तं लेकरूच नाही राह्यलं," म्हणाली. त्या दिवसापासून तू मले बाबू म्हणणं सोडलं. लेकरा म्हणायची. मी खूश झाली, खोटं कायले बोलू. पण लेकरा म्हणजे धड इकडलं ना तिकडलं. माही भूक मोठी होती.

नागपूरच्या कौन्सेलिंगवाल्या मॅडमचा पत्ता दुकानात येणाऱ्या एका नर्सबाईनं देल्ला. "पहिले मी येते अन् पाह्यते, कशी बाई हाय ते," तू म्हणाली. कटंगीहून बसनं तुमसर, तिथून रेल्वे. अन् तू मले सकाळपासून उपाशी ठेवलं! मी च्या मागतला तं हात धरला. "नागपूरचा डॉक्टर खाली पोटीच रगत घेते. खाल्लं तं वापस पाठवते, मंग दिवस वाया." पिशवीत माहे जुने एक्सरे, बाबाचे रिपोर्ट, माही पत्रिका, सारं. मॅडमच्या खोलीत गेलो तं तिथं ना टेबलावर ते कानात लावायचं यंत्र, ना सुई. दोन खुर्च्या अन् एक पाण्याचा जग. मले चक्कर येऊन राह्यलती. मॅडमनं विचारलं, "काही खाल्लं आहे का?" तू छाती फुगवून म्हणाली, "एक थेंब नाही, मॅडम! पानी बी नाही देल्लं." मॅडमले हसू आवरेना. मग माहं पहिलं कौन्सेलिंग म्हणजे मी तुह्या डब्यातली भाकर अन् वांग्याची भाजी खाल्ली अन् मॅडम समोर बसून राह्यली.

खाऊन झाल्यावर मॅडमनं तुले बाहेर बसायले सांगतलं. तुहा चेहरा मले आठवते. जसं कोणी तुह्या घरातून तुलेच बाहेर काढलं. दार लागलं अन् मॅडमनं मले विचारलं, "मी तुला काय म्हणून हाक मारू?" आई, जन्मात कोणी मले हे विचारलं नव्हतं. मी म्हणलं, माहीत नाही. ती म्हणाली, "बरं. माहीत होईपर्यंत 'तू' म्हणते. घाई नाही." बस. एवढंच. ना लग्न, ना गोळी, ना देवधर्म. मी कोण आहे हे तिनं मले सांगतलं नाही, अन् मी कोण नाही हेही सांगतलं नाही. मी रडली तं पाण्याचा ग्लास पुढं केला अन् गप बसली. मी घरी येताना रेल्वेत खिडकीपाशी गुणगुणत होती, अन् तू तोंड फुगवून.

"काय सांगतलं तिले एवढा वेळ?"

"माहं आहे ते."

"नऊ महिने मी वागवलं, अन् सांगाले ती! दवा देल्ली ना दारू. बिनागोळीची डॉक्टरीन."

तवा तू जळत होती, आई. आज कबूल कर. मले तवा मजा वाटली होती. माहं म्हणून जगात काहीतरी होतं, जिथं तुहाही हात पोचत नव्हता.

मग दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी आपलं नागपूर ठरलं. मी म्हणे एकटी जाते, तू म्हणे रस्ता खराब आहे. तू बाहेर बाकावर बसे. पण तू गप बसणारी होय काय? दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मी दार उघडून बाहेर आली तं तू पेटी उघडून बसली होती! रिसेप्शनवरच्या पोरीचा हात तुह्या मांडीवर, अन् "हात ढिला सोड, माय." दोन बाया लाईनीत. एकीचा नवरा बाजूच्या खोलीत दुसऱ्या ताईपाशी रडून राह्यला अन् ती बाहेर लाल बांगड्या पसंत करून राह्यली. मॅडम दारात उभी राहून हसली अन् तिनंही हात पुढं केला. माह्या मॅडमनं! तू तिच्या हातात मोरपंखी भरल्या. मी बाजूले उभी, हात पिशवीच्या कडीत घालून.

नावावरून आपलं भांडण झालं ते आठवते? मले रेखा नाव आवडलं होतं. भीत-भीत सांगतलं. तू चुलीपासून उठलीच. "रेखा? त्या कजाग बाईचं नाव? माह्या जावेचं? तिनं मले पाच वर्षं पानी नाही पिऊ देल्लं सुखानं, अन् तिचं नाव मी माह्या घरात घेत बसू?" मी म्हणलं, दुसरं सांग. "तुले नाव ठेवाचं होतं ते मी एकदा ठेवलं. आता तू ठेव. पन ते नोको." मॅडम हे ऐकून म्हणाली, "बघ, त्यांनी मुलीच्या नावाला नाही म्हटलं नाही. जावेला नाही म्हटलं." मले तवा ती वकिली वाटली. नाव अजून ठरलं नाही. मॅडम अजूनही 'तू' म्हणते.

अन् मग तो दिवस. माहा तास झाला, मी बाहेर आली, अन् तू दारातूनच म्हणाली, "मॅडम, मले बी टाइम पाह्यजे." मॅडमनं मले एकटीले बोलावून विचारलं, "तुझी हरकत असेल तर मी आईंना दुसऱ्या ताईंकडे पाठवते. ही जागा आधी तुझी आहे." मी तोंडानं म्हणलं, हरकत नाही. मनात म्हणलं, आयत्या बिळावर नागोबा! इतकी वर्षं भटकून मी एक खुर्ची शोधली, अन् तू येऊन तिच्यावर बसली. मी बाकावर. आतून पहिले तुहं हसणं आलं. मग काहीच नाही. लय वेळ काहीच नाही. तू बाहेर आली तं तोंड धुतलेलं होतं अन् पदर ओला. रेल्वेत तू जांब घेतले, मले चिरून देल्ले, मीठ लावलं. मी विचारलं, काय बोलली? तू खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "माहं हाय ते."

माहंच वाक्य! तू त्यानंतर कितीक वेळा आत गेली, अन् दरवेळी मी त्या दाराकडं पाहत बसली. मले वाटे तू आत मॅडमले सांगत असशील, मले पोरगाच पाहिजे, कसंही करा. नाहीतं मले न सांगण्यासारखं काय असणार?

अन् तसं वाटायले कारण होतं. ती बाजाराची सांज. गिऱ्हाईक सरलं होतं, तू बंडलं आवरत होती, हिरव्या बांगड्यांचा एक सुटा जोड उरला होता. मी उठून बोऱ्याच्या त्या बाजूले गेली, जिथं बाया बसते. बसली. हात पुढं केला. म्हणलं, "आई, मले भरून दे."

मले यापेक्षा दुसरं काहीच नको होतं. नाव नको, साडी नको, लोकांनी काय म्हणावं तेही नको. तू माहा हात मांडीवर घ्यावा, चेपावा, अन् माय म्हणावं, एवढंच. तू माह्या हाताकडं पाह्यलं. चांगलं निरखून पाह्यलं, ते मी पाह्यलं. मग बांगड्या कागदात गुंडाळल्या. "माह्याच्यानं नाही होत, लेकरा. अंधार पडून राह्यला, चाल."

चाल! मी मागून पेटी उचलून आली. मले वाटलं, झालं, कळलं. साऱ्या बाजाराले भरते, मले नाही भरत, म्हणजे मी तिच्या लेखी बोऱ्याच्या याच बाजूची. मॅडमले सांगतलं तं ती म्हणाली, "का नाही होत, हे विचारलंस का?" मी चिडली. विचारायचं काय त्यात? हात दिसला नाही काय तिले? आता वाटते, तिले सारं माहीत होतं. माहीत असून ती गप बसली, कारण ते तुहं होतं. माहं तिनं तुले कधी सांगतलं नाही, तसंच तुहं मले नाही. याच एका गोष्टीपायी माहा तिच्यावर भरोसा बसला होता, अन् याच गोष्टीपायी मले तिचे केस ओढावेसे वाटते.

तुहं छातीचं दुखणं सुरू झालं. गोंदियाच्या दवाखान्यात मामा येऊन बसे. मी च्या आणायले जाय, परत आली तं तुम्ही दोघं डोक्याले डोकं लावून कुजबुजत असा, अन् मले पाहून गप. "काय चाललं?" "काही नाही, वावराचं." तुमचं कोणतं वावर, आई? मी च्या देल्ला अन् व्हरांड्यात जाऊन उभी राह्यली. जाताना तू मले काही बोलली नाही. पाणी मागतलं, पेलं, अन् माह्या मनगटावर हात ठेवून पडून राह्यली. मी म्हणलं, असू दे, बरं वाटत असेल तिले. तो हात मग थंडच झाला.

नदीवर न्हावी वस्तरा घेऊन बसला होता. अग्नी मीच देणार, एकुलतं लेकरू. माहे केस आता पाठीवर येते, तुले माहीतच आहे, किती खोबरेल त्यात जिरलं. चुलतकाका म्हणाले, "चाल, बस. मायसाठी केस देत नाही तं कसला लेक?" बाकीचे माना हलवून राह्यले. मी खरंच बसली असती. तुह्यासाठी बसली असती. तेवढ्यात मामा पुढं आला. तोच मामा, जो मले पाहून अंगणातूनच परत जात होता दोन वर्षं. म्हणाला, "केस राहू द्या. माह्या बहिनीचं सांगनं हाय." अन् न्हाव्यापुढं आपलं डोकं केलं. मिशीसुद्धा देल्ली. मी विचारलं, कधी सांगतलं तिनं? तो म्हणाला, "तेरवीले बोलू."

त्या मधल्या दिवसांत मॅडमचा फोन आला. तिचा आवाज बसला होता. मी म्हणलं, मॅडम, आता तं ती गेली. आता तरी सांगा, काय बोलायची. ती म्हणाली, "नाही सांगता येणार. पण मला त्यांची खूप आठवण येते." ऐकलं का? तिलेही तुही आठवण येते! माह्या आईची! मी फोन ठेवला अन् भिंतीवर उशी हाणली.

अन् काल तेरवी. आपल्यात मामा दुखवट्याचे कपडे आणते, लेकाले दुपट्टा-टोपी, लेकीले लुगडं, अन् ते नेसून दुखवटा सरते. सारे मंडपात बसलेले. मामानं पिशवीतून काढलं ते लुगडं होतं. हिरवं, त्याले जरीचा असा काठ का मी दुकानात ते वरच्या फळीवरून खाली काढलं नसतं. मामाची पसंत! मंडपात कोणी खोकललं, कोणी उठून हात धुवायले गेलं. मामानं ते माह्या मांडीवर ठेवलं अन् वरून एक कागदाचं पुडकं. उघडलं तं बांगड्या. हिरव्या, नव्या, मोठ्या मापाच्या. एवढं माप आपल्या पेटीत कधीच नव्हतं. बाईच्या हाताले एवढं लागत नाही. तू व्यापाऱ्याले सांगून मागवलं होतं. माह्या हाताचं माप, त्या सांजेले, नुसतं डोळ्यानं घेतलं होतं तू.

मी मामाले म्हणलं, "मंग भरल्या काहून नाही तिनं? मी मागतल्या होत्या."

मामा मिशी नसलेल्या ओठावरून हात फिरवत म्हणाला, "मी बी तेच म्हनलं तिले दवाखान्यात. म्हनलं, तूच भर ना वो. तं रडाले लागली. म्हने, दादा, पोरीच्या जातीचा पह्यला चुडा हाय. मी अशी कपाळ पुसलेली. माह्या हातानं कसा भरू? माह्या पोरीचं पुढं कसं होईन? तुह्या बायकोच्या हातानं भर. सवासीन हाय ती."

आई!

पोरीच्या जातीचा. माह्या पोरीचं. एकदा नाही, दोनदा म्हणाली. अन् कोणाले? मामाले! मॅडमलेही हेच सांगत असशील त्या बंद दारामागं, तोंड धुऊन बाहेर येईपर्यंत. साऱ्यायले सांगत फिरली, अन् ज्या पोरीची गोष्ट, तिले तेवढं लेकरा. मामाचे ते म्हातारे, केसाळ कान, त्यांच्यात माहं सोनं पडलं. त्या कानांचा मले जेवढा हेवा वाटते तेवढा जगात कशाचा नाही वाटला.

अन् काय तं म्हणे तुहा हात अशुभ! ज्या हातानं तू गोळ्या फेकल्या, ज्या हातानं मले उपाशी ठेवून मग मॅडमसमोर भाकर देल्ली, तो? तू आयुष्यभर नवरीचा चुडा दुसरीच्या हाती देऊन बाजूले सरली, ते मी पाह्यलं अन् मले कळलं नाही. तू मले नवरीपोरींच्या रांगेत बसवलं होतं. मी समजली तू मले उठवून लावलं. एकदा बोलली असती तं मी तुह्याशी एवढी भांडली असती, एवढी भांडली असती का शेवटी तू वैतागून माहा हात ओढून बांगड्या भरल्या असत्या.

मामीनं वाटीत साबणाचं पाणी केलं, पाट मांडला, माहा हात धरला. चांगली बाई आहे ती, वाईट नाही. पण तिनं माहा अंगठा चेपला अन् मले ते सहन झालं नाही. ज्या जागेसाठी मी जन्मभर थांबली तिथं ती आयती येऊन बसली. मी हात ओढून घेतला. म्हणलं, मामी, मी नाही भरत तुह्या हातानं. म्हणून ती रुसली. रुसू दे. पोळ्याले मी तिच्या घरी जाईन, ते हिरवं लुगडं नेसून, अन् तिचा राग काढीन. पण हे मी तिले देणार नव्हती. तुहं सांगणं मी मोडलं, आई. केसांचं ऐकलं, लुगड्याचं ऐकलं, हे नाही ऐकलं. सवासीण-बिवासीण मले काही नाही.

आता सारे गेले. मी अंगणात बोरा टाकला आहे, तुहाच, पिंपळाखालचा. साबणाचं पाणी घेतलं आहे. अन् बसली आहे तुह्या बाजूले, पेटीपाशी. उजव्या हातानं डावा हात धरला, आपल्याच मांडीवर घेतला. अंगठ्याखालचं हाड कुठं चेपायचं ते मले माहीत आहे. पेटीपाशी बसून लहानपण काढलं, तेवढं तं येणारच. पहिली बांगडी हाडापाशी अडली. मी जोर केला. कडकन फुटली, अन् थोडं रक्तही आलं. मले तुहा असा राग आला का वाटलं, सारं पुडकं आपटावं.

मग मी दुसरी घेतली. अन् मोठ्यानं म्हणलं, शेजारची भिंतीवरून पाहून राह्यलती तरी म्हणलं, जसं तू म्हणायची तसंच, "हात ढिला सोड, माय. कडक केला का बांगडी फुटते."

सोडला. बांगडी सरकत मनगटावर आली.